दगडीपाल्याला विचारलेला प्रश्न

दगडीपाला ओळखायला वनस्पतिशास्त्र शिकावं लागत नाही. मुरमाड माळ असो, शेताचा बांध असो, घराची गच्ची असो की रेल्वेच्या रुळांमधली खडी, जिथे दुसरं काही तग धरत नाही तिथे हा पसरलेला असतो. जमिनीलगत सरपटणाऱ्या फांद्या, दातेरी कडांची खरखरीत केसाळ पानं, आणि त्या सगळ्यातून एकटाच वर आलेला वीतभर दांडा. दांड्याच्या टोकाला एक लहानसं फूल: मध्ये पिवळं, कडेला पाच-सहा फिकट पांढऱ्या पाकळ्या, पाकळीच्या टोकाला बारीक दात. कुणी त्याला एकदांडी म्हणतं, कुणी कंबरमोडी. खेळताना गुडघा फुटला की हा पाला तळहातावर चुरगळून त्याचा रस जखमेवर पिळायचा, हे ठाऊक नसलेला माणूस आमच्या भागात विरळाच.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी शिकवते. एम.एस्सी.च्या मुलांची प्रोजेक्ट निवडायची वेळ आली की दर वर्षी एकदोघं तरी येऊन म्हणतात, "मॅडम, मला औषधी वनस्पतीवर करायचंय." बऱ्याचदा त्यांच्या मनात दगडीपालाच असतो, कारण तो त्यांनी स्वतःच्या अंगावर वापरलेला असतो. हा विषय फार घासून झालाय, असं आमच्या क्षेत्रातली अनेक मंडळी म्हणतात. पानं वाळवा, अर्क काढा, जंतू पसरलेल्या प्लेटवर घाला, झोन (अर्काभोवती जंतू न वाढलेला गोल) मोजा, पेपर पाठवा. तक्रार खरी आहे. तरी मी या मुलांना कधी नाही म्हणत नाही. बांधावरच्या पाल्यापासून निघून जगभरच्या हॉस्पिटलांना सतावणाऱ्या प्रश्नापर्यंत थेट नेणारं दुसरं काम मला माहीत नाही. शिवाय निसर्गाला प्रश्न कसा विचारायचा आणि आलेलं उत्तर कितपत ताणायचं, हे या कामात रोज हाताखालून जातं.

सुरुवात मी एका गोष्टीनं करते, जी ऐकून मुलं दर वेळी चमकतात. दगडीपाला आपल्याकडचा नाही. तो मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. लिनियसनं १७५३ साली त्याला ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स हे नाव दिलं. चरकाच्या किंवा सुश्रुताच्या काळात हे तण सह्याद्रीच्या पायथ्याशी नव्हतंच. अमेरिकेशी जहाजांची ये-जा सुरू झाल्यावर कधीतरी ते इथे आलं आणि माळावर पसरलं. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांना त्याचा उपयोग कुठल्याही ग्रंथानं सांगितलेला नाही. कुणीतरी, बहुधा रानात हाताला विळा लागलेल्या माणसानं, हाताशी होता तो पाला चोळून पाहिला. मग दुसऱ्यानं पाहिला. काही पाले उपयोगाचे नाहीत म्हणून मागे पडले आणि हा टिकला. तिकडे ग्वाटेमालातही लोक याच झाडाचा उपयोग जखमांवर आणि त्वचेच्या दुखण्यांवर करतात. एकमेकांना कधीही न भेटलेल्या दोन समाजांनी एकाच तणाकडे एकाच कामासाठी हात न्यावा, हे मला फार मोलाचं वाटतं. पुरावा म्हणून ते पुरेसं नाही, पण प्रयोगाला हात घालायला पुरेसं आहे.

पाला गोळा करायला आमच्या लॅबचे मामा बरोबर येतात. रस्त्याकडेचा घ्यायचा नाही, तिथे धूळ आणि गाड्यांचा धूर. तणनाशक मारलेल्या शेताजवळचा तर अजिबात नाही. मामा जागा दाखवतात. एकदा एका विद्यार्थिनीनं त्यांना विचारलं, "मामा, तुम्ही लावताना पानं धुऊन घेता का हो?" मामा म्हणाले, "धुवायला कुठं जातीस पोरी? चुरगाळायचा आन् पिळायचा. रगात थांबतंय की लगेच." या वाक्यातल्या दोन गोष्टी मी तिला वहीत लिहून ठेवायला सांगितल्या. एक, पाला ताजा असतो, वाळवलेला नसतो. दुसरी, मामा म्हणाले रक्त थांबतं. जंतू मरतात असं ते म्हणाले नाहीत.

गोळा केलेल्यातली एक अख्खी फांदी, मुळासकट आणि फुलासकट, कागदात दाबून वाळवायची आणि तज्ज्ञाकडून ओळख पटवून घ्यायची. पुण्याला आघारकर संशोधन संस्था आहे, बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं पश्चिम विभागाचं केंद्र आहे; आमच्या भागातल्या मुलांना हे सोयीचं पडतं. मुलं कुरकुरतात, "मॅडम, दगडीपाला कुणाला कळत नाही?" पण फूल नसताना कोवळा माका आणि दगडीपाला शेजारी ठेवून बघावा. दोन्ही एकाच कुळातले, दोन्हींची पानं समोरासमोर आणि खरखरीत. ओल्या जागी वाढतो तो माका, कोरड्यात तो दगडीपाला, हा अंदाज नेहमीच खरा ठरतो असं नाही. नमुना जपून ठेवला नसेल तर दहा वर्षांनी तो पेपर वाचणाऱ्याला नेमकी कुठली वनस्पती तपासली गेली हे कधीच कळणार नाही.

पाला सावलीत वाळवतात. उन्हात टाकला की रंग उडतो आणि प्रकाशात न टिकणारे रेणूही जातात. वाळला की मिक्सरमधून पावडर, मग सॉक्सलेट. हे काचेचं उपकरण फ्रान्झ फॉन सॉक्सलेट यांनी १८७९ साली दुधातली स्निग्धता मोजण्यासाठी बनवलं. खाली फ्लास्कमध्ये द्रावक उकळतो, वाफ वर जाते, थंड होऊन थेंबाथेंबानं पावडरीच्या पुडीवर पडते, काचेचा कप्पा भरतो आणि भरला की वाकड्या नळीतून सगळा द्राव एकदम खाली उतरतो. पुन्हा वाफ, पुन्हा थेंब. पहिल्या फेऱ्यांना काळपट हिरवा उतरणारा द्राव फिका होत होत जवळजवळ नितळ होतो, तेव्हा थांबायचं. हे पाहत बसायला मला अजूनही आवडतं. पेट्रोलियम ईथर मेणचट, तेलकट रेणू ओढून घेतो, इथाइल अ‍ॅसिटेट मधले, मेथनॉल फ्लॅव्होनॉइड आणि टॅनिनसारखे. पाणी उरलेलं नेतं. द्रावक बदलला की त्याच पाल्यातून वेगळीच रसायनं हाती येतात.

इथे मी मुलांना चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांची हकीकत सांगते. चीनमध्ये १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्या मलेरियावर औषध शोधत होत्या. चिंगहाओ नावाच्या वनस्पतीचा अर्क कधी काम करायचा, कधी नाही. मग चौथ्या शतकातल्या गे हाँग यांच्या ग्रंथातली एक ओळ त्यांच्या लक्षात आली: मूठभर चिंगहाओ पाण्यात भिजवून, पिळून, तो रस प्या. उकळायला सांगितलेलंच नव्हतं. त्यांनी कमी तापमानाला उकळणारा ईथर वापरला आणि अर्क काम करू लागला. त्यातूनच आर्टेमिसिनिन आलं आणि २०१५ साली नोबेल. मेथनॉल ६५ अंशांच्या आसपास उकळतो, आणि सॉक्सलेटच्या फ्लास्कमध्ये जमलेला अर्क तासन् तास त्या उष्णतेत राहतो. मामांचा पाला तर तळहाताच्या उबेपलीकडे तापतच नाही.

आयुर्वेदानं ही गोष्ट फार पूर्वी नीट मांडून ठेवली आहे. स्वरस, कल्क, क्वाथ, हिम, फांट. ताजा रस निराळा, वाटून केलेला गोळा निराळा, काढा निराळा, थंड पाण्यात रात्रभर भिजवलेलं निराळं, गरम पाणी ओतून झाकलेलं निराळं. दगडीपाला त्या ग्रंथांत नसला तरी ही पद्धत त्यालाही लागू आहे, आणि आमच्या प्रोजेक्टांमध्ये तीच हरवते. लोक वापरतात तो स्वरस. आम्ही तपासतो तो मेथनॉलमधला गरम अर्क, आणि निष्कर्षात लिहून मोकळे होतो की पारंपरिक वापराला दुजोरा मिळाला. हे वाक्य मी प्रत्येक मसुद्यातून खोडते.

आता प्लेट. म्युलर-हिंटन आगार हे जंतू वाढवायचं माध्यम जॉन हॉवर्ड म्युलर आणि जेन हिंटन यांनी १९४१ साली मांडलं, तेही मुळात गोनोकॉकस आणि मेनिंगोकॉकस वाढवण्यासाठी; आज ते जगभर अँटिबायोटिकच्या चाचण्यांना वापरलं जातं. आणि आगार, म्हणजे समुद्री शेवाळापासून निघणारा जेलीसारखा पदार्थ, लॅबमध्ये आला तो फॅनी हेसे यांच्यामुळे. त्यांचे पती जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करत. जिलेटिन उन्हाळ्यात वितळतं म्हणून ते वैतागले होते. फॅनीबाई घरी जेली करताना आगार वापरत. तोच वापरून बघा, असं त्यांनी सुचवलं. साल होतं १८८१. मुलींच्या वर्गात हे सांगताना माझा आवाज जरा चढतो.

प्लेटमध्ये आगाराची जाडी चार मिलिमीटरच हवी. पातळ ओतला की झोन मोठा दिसतो, जाड ओतला की लहान. जंतूंचं प्रमाणही ठरलेलं. बेरियम क्लोराइड आणि सल्फ्युरिक आम्ल मिसळून केलेल्या ०.५ मॅकफारलंड या प्रमाण द्रावाएवढा गढूळपणा जुळवायचा, म्हणजे मिलिलिटरला साधारण १५ कोटी जिवाणू. पांढऱ्या कार्डावरच्या काळ्या रेघा दोन्ही नळ्यांमधून सारख्याच अंधुक दिसल्या पाहिजेत. मग निर्जंतुक कापसाच्या बोळ्यानं सबंध पृष्ठभागावर जंतू पसरायचे, प्लेट फिरवत तीन वेळा. जंतू आम्ही पुण्याच्या एनसीआयएम किंवा चंडीगडच्या एमटीसीसी या जंतूंच्या संग्रहांतून आणतो. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हवाच, जखमेत पू करणाऱ्यांतला तो मुख्य. इ. कोलाय आणि स्यूडोमोनास हेही घ्यायचे.

कॉर्क बोररनं आगारात सहा मिलिमीटरच्या विहिरी, म्हणजे गोल भोकं, पाडायच्या. ही पद्धत इतकी साधी आहे की मुलांना ती क्षुल्लक वाटते, पण १९४० साली ऑक्सफर्डमध्ये पेनिसिलिनची ताकद मोजायला नॉर्मन हीटली यांनी अशीच प्लेट वापरली होती. आगारावर ते छोट्या नळ्या उभ्या करत आणि त्यांत द्राव भरत. विहिरींमध्ये अर्क भरला की थोडा वेळ प्लेट फ्रिजमध्ये ठेवायची, म्हणजे जंतू वाढायच्या आधी अर्क पसरतो. मग रात्रभर ३७ अंशांना.

सकाळी इन्क्युबेटर उघडायच्या आधी विद्यार्थी कुणाशी बोलत नाहीत, असं माझं निरीक्षण आहे. प्लेट काळ्या कागदावर धरायची आणि तिरप्या उजेडात बघायची. जंतूंची दाट, दुधाळ साय सगळीकडे पसरलेली. तुलनेसाठी ठेवलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकच्या चकतीभोवती काळाभोर, रेखीव गोल, इ. कोलायच्या प्लेटवर तो ३० मिलिमीटरच्या आसपास जातो. दगडीपाल्याच्या मेथनॉल अर्काभोवती मात्र पहिल्यांदा दिसतो तो हिरवा रंग. हरितद्रव्य आगारात उतरलेलं असतं आणि त्या हिरव्या कड्यालाच झोन समजून मुलं हरखतात. मग मी भिंग हातात देते. हिरव्या भागातही साय आहे का ते बघ. असते, अगदी विहिरीच्या काठापर्यंत असते. काही प्लेटांवर, विशेषतः स्टॅफिलोकॉकसच्या, काठालगत खरोखरची रिकामी पट्टी असते, पण तिची बाहेरची कड धूसर, कुठे संपली ते बोट ठेवून सांगता येत नाही. पट्टी धरून मोजलं की दहा मिलिमीटर. त्यातले सहा विहिरीचेच. म्हणजे दोन्ही बाजूंना दोन-दोन मिलिमीटर. रिपोर्टमध्ये "१० मिमी" असं लिहिलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जे येतं आणि प्लेटवर जे असतं, त्यांत फार अंतर आहे. म्हणून मी विहिरीचा व्यासही त्याच तक्त्यात लिहायला लावते.

याहून मोठा हिशेब पुढे आहे. मुलं अर्क सहसा मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असा करतात आणि विहिरीत ५० मायक्रोलिटर घालतात. म्हणजे एका विहिरीत पाच मिलिग्रॅम अर्क. शेजारच्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या चकतीवर असतं पाच मायक्रोग्रॅम. हजारपट. हजारपट माल घालून दोन मिलिमीटरची धूसर पट्टी मिळाली, आणि खाली वाक्य काय, तर अर्काची क्रिया प्रमाण औषधाशी तुलना करण्याजोगी आहे. अशी वाक्यं छापून येतात याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण मग खरोखर चांगला निघालेला अर्कही त्याच गर्दीत उभा राहतो आणि कुणी त्याच्याकडे वळून बघत नाही.

मी कंट्रोलबद्दल, म्हणजे तुलनेसाठीच्या विहिरींबद्दल, हट्टी आहे. वाळलेला अर्क डीएमएसओ या द्रावकात विरघळवला असेल तर एका विहिरीत नुसता डीएमएसओ हवाच, कारण जास्त प्रमाणात तोही जंतूंची वाढ रोखतो. अर्कातला मेथनॉल पुरता उडवलेला हवा. आणि ताज्या रसाची चाचणी करायची तर रस ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून घ्यायचा. एका मुलीला मी मुद्दाम एका विहिरीत न गाळलेला रस घालायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्या विहिरीतूनच सुरकुतलेली, पांढुरकी वाढ बाहेर पसरली होती: पानावरच्या मातीतले बॅसिलस जिवाणू. मामांना ती प्लेट दाखवली. मातीत धनुर्वाताचे बीजाणूही असतात, आणि ते या प्लेटवर, हवेत, वाढून दिसत नाहीत, हेही सांगितलं. खोल जखम असेल तर पाला लावू नका, साबणपाण्यानं धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. मामांनी ते मनावर घेतलं आणि घरी सगळ्यांना सांगितलं. या प्रोजेक्टातून आणखी काही निघालं नसतं तरी मला चाललं असतं.

झोन हा आकडा फसवा आहे, आणि त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. टिपकागदावर शाईचा थेंब पसरतो तसा अर्क आगारात पसरतो, पण आगार म्हणजे मुख्यतः पाणी. लहान आणि पाण्यात मिसळणारे रेणू लांबवर जातात; तेलकट किंवा मोठे रेणू विहिरीच्या काठालाच अडकतात. त्यामुळे जंतूला खात्रीनं मारणारा पण तेलकट रेणू लहान झोन देतो, आणि जेमतेम काम करणारा पण चटकन पसरणारा रेणू मोठा. दोन अँटिबायोटिकांचे झोनही एकमेकांशी थेट ताडून बघत नाहीत, मग अर्काचा आणि अँटिबायोटिकचा कसा ताडणार? टॅनिन हा आणखी एक घोळ. हिरडा, बाभळीची साल यांचे अर्क जवळपास प्रत्येक जंतूवर काही ना काही दाखवतात, कारण टॅनिन समोर येईल त्या प्रथिनाला चिकटतं. अशानं औषध मिळत नाही. आणि इ. कोलाय, स्यूडोमोनास यांच्यासारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंना बाहेरून आणखी एक पटल असतं, शिवाय आत शिरलेलं बाहेर फेकणारे पंप. बहुतेक वनस्पतींचे अर्क तिथेच हरतात.

मागच्या एका तुकडीतल्या, मामांना तो प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थिनीचं काम मला या सगळ्यात जास्त जवळचं आहे. तिनं चार अर्क केले आणि ताजा गाळलेला रसही घेतला. मेथनॉलच्या अर्कानं स्टॅफिलोकॉकसवर ती धूसर पट्टी दिली. पाण्याचा अर्क, काही नाही. ताजा रस, काही नाही. ती रडवेली होऊन केबिनमध्ये आली. "मॅडम, आमच्या घरी सगळे हाच रस लावतात. आणि यातच काही नाही." मी तिला व्हेनेझुएलातल्या संशोधकांचा २००० सालचा पेपर वाचायला दिला. त्यांनी दगडीपाल्याची फुलं आणि जमिनीवरचा सगळा भाग वेगवेगळा तपासला होता. हेक्झेन आणि इथाइल अ‍ॅसिटेटच्या अर्कांना काही जंतूंवर यश आलं होतं. पाण्याच्या अर्काला नव्हतं. म्हणजे तिचा प्रयोग चुकला नव्हता. रसात जंतू मारणारं फारसं काही नसावंच.

मग मी तिला तिच्याच वहीतलं मामांचं वाक्य काढायला लावलं. रगात थांबतंय. त्यांनी या पाल्याबद्दल एक दावा केला होता आणि आम्ही प्लेटवर दुसराच तपासला होता. जखम भरणं ही लांबलचक प्रक्रिया आहे: रक्त गोठतं, सूज येते, नवीन पेशी सरकतात, कोलॅजन विणलं जातं, कातडी आवळते. यातल्या कुठल्याही पायरीला हात लावणारा रेणू आमच्या प्लेटला दिसत नाही. दगडीपाल्यावर या बाजूनंही काम झालेलं आहे आणि तेही आपल्या देशात. १९८२ साली इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये दिवाण, टिल्लू आणि कुलकर्णी यांनी प्रयोगशाळेतल्या प्राण्यांच्या जखमांवर याचा परिणाम पाहिला, आणि स्टेरॉइडमुळे मंदावलेली जखम भरण्याची क्रिया या पाल्यानं सावरते का, हेही नंतर तपासलं गेलं. त्यांनी प्रश्न लोकांच्या अनुभवातून उचलला होता. ती मुलगी तो पेपर घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी परत आली ती रक्त गोठायला लागणारा वेळ कसा मोजतात हे विचारत.

याचा अर्थ प्लेटवरचा प्रश्न निरर्थक आहे असा मात्र मी घेत नाही. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे जगात १२ लाख ७० हजार माणसं थेट दगावली, असा अंदाज लॅन्सेटनं २०२२ साली छापला. वनस्पतींकडून अजून आपल्याला एकही मोठं, पोटात घ्यायचं अँटिबायोटिक मिळालेलं नाही. जी आहेत ती बुरशीची, मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिससारख्या जिवाणूंची किंवा रसायनशाळेतली. मुलांना हे ऐकून धक्का बसतो. पण झाडंही दिवसरात्र जिवाणूंच्या गराड्यातच जगतात आणि सडत नाहीत. ती हे कसं साधतात याचं एक उत्तर २००० साली दारुहळदीच्या अमेरिकेतल्या एका नातलगात सापडलं. या झाडांत बर्बेरीन असतं. ते एकटं स्टॅफिलोकॉकसवर फार चालत नाही, कारण जंतू त्याला पंपानं बाहेर टाकतो. त्याच झाडात आणखी एक रेणू निघाला. तो स्वतः जंतूला काहीच करत नाही, पण पंप बंद पाडतो. दोघं एकत्र आले की बर्बेरीन मारतं. आता अर्काचे भाग वेगळे करत, प्रत्येक भाग प्लेटवर तपासत गेलो, तर दुसरा रेणू निरुपयोगी म्हणून बेसिनमध्ये ओतला जाणार. त्यामुळे नुसत्या अर्कापुढे न थांबता, अँटिबायोटिकच्या जेमतेम मात्रेबरोबर अर्क घालून बघायला मी हल्ली मुलांना सांगते.

आणि झोनपुढे एमआयसीपर्यंत, म्हणजे जंतूंची वाढ रोखणाऱ्या कमीत कमी मात्रेपर्यंत, जायलाच लावते. ९६ विहिरींची प्लेट, दर विहिरीला अर्क निम्मा निम्मा पातळ होत जाणारा, जंतू सगळीकडे सारखेच. अर्काच्या हिरव्या रंगात गढूळपणा दिसत नाही म्हणून शेवटी रेझाझुरिन हे निळं रंगद्रव्य घालायचं. जंतू जिवंत असतील तिथे निळ्याचं गुलाबी होतं. निळी राहिलेली सगळ्यात पातळ विहीर, ती एमआयसी. कच्च्या अर्कासाठी मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅमच्या खाली आकडा आला तर लक्ष द्यावं, एक मिलिग्रॅमच्या वर गेला तर त्या दिशेनं फार आशा धरू नये, असा आमच्या क्षेत्रातला साधारण दंडक आहे. त्या मुलीचा मेथनॉल अर्क वरच्या बाजूलाच गेला. तिनं आकडा आहे तसा लिहिला. रस आणि पाण्याच्या अर्काच्या ओळीत तिन्ही जंतूंपुढे "वाढ रोखली गेली नाही" असं लिहिलं, आणि ती ओळ तिनं तक्त्यातून काढली नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं त्या ओळीवर बोट ठेवलं. "रिझल्ट नाही, तर हे दिलंयत कशाला?" ती म्हणाली, "सर, पुढच्या वर्षी कुणी हाच रस घेऊन बसलं तर त्याला कळायला हवं की हे करून झालंय. आणि सर, रस लोक रक्त थांबवायला लावतात. ते मी तपासलेलंच नाही, म्हणून त्याबद्दल मी काही लिहिलेलं नाही." परीक्षक थोडे थांबले आणि पुढचा प्रश्न त्यांनी गोठण्याच्या वेळेबद्दल विचारला. मी भिंतीशी बसले होते. शिक्षक म्हणून मला मिळालेल्या चांगल्या क्षणांपैकी तो एक आहे.

यंदाच्या मुलांनी पुन्हा दगडीपालाच घेतलाय, पण फुलं आणि पानं वेगवेगळी. मेक्सिकोत, युकातानमधल्या संशोधकांना याच झाडात लीश्मानिया या परजीवीवर काम करणारे रेणू सापडले आहेत, फाल्कॅरिनॉलच्या जातकुळीतले. असे रेणू उष्णता आणि प्रकाश फारसा सोसत नाहीत; वाळवण्यात आणि सॉक्सलेटमध्ये आपण तेच घालवत असू, अशी मला दाट शंका आहे. म्हणून या वेळी सॉक्सलेट कपाटातच ठेवायचं ठरलंय. ताजी फुलं तोडून लगेच हेक्झेनमध्ये, बाटलीला बाहेरून काळा कागद, आणि बाटली फ्रिजमध्ये. फुलं सकाळी ऊन चढलं की उमलतात, म्हणून मामांनी मुलांना साडेनऊला माळावर बोलावलंय. येताना बर्फाचा डबा आणा, असंही बजावलंय.